सहा खेपा आणि सहा निराळे उतारे: मॅशची कार्यक्षमता स्थिर का राहत नाही?

रेडिंगकर

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो आणि गेल्या दीड वर्षापासून घरी मॉल्ट एक्स्ट्रॅक्टचा आधार न घेता, थेट भरडलेल्या मॉल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून) बिअर बनवतो. माझे बालपण उसाच्या पट्ट्यात गेले, त्यामुळे मॅशच्या, म्हणजे भरडलेले धान्य गरम पाण्यात ठेवून त्यातील पिष्टाची साखर करण्याच्या, कार्यक्षमतेला मी मनातल्या मनात ‘उतारा’च म्हणतो. फरक एवढाच की कारखान्यात उतारा उसाच्या वजनाच्या टक्केवारीत सांगतात, आणि येथे धान्यातून जास्तीत जास्त जेवढी साखर निघू शकते तिच्यापैकी किती टक्के प्रत्यक्ष हाती आली, ते सांगतात. हा उतारा दर खेपेला बदलतो आणि त्यामागचे कारण मला सापडत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

माझी मांडणी साधी आहे. ४० लिटरची कूलर पेटी, तिच्या तळाशी स्टीलच्या जाळीची नळी, दर किलो धान्याला ३ लिटर पाणी, ६६ ते ६७ अंश सेल्सिअस तापमान आणि एक तास मॅश. त्यानंतर पहिले वर्ट, म्हणजे साखर उतरलेले पाणी, पूर्ण निथळून घेतो, उरलेले गरम पाणी एकदाच ओततो, ढवळतो आणि पुन्हा निथळतो. उकळण्याच्या भांड्यात २८ लिटर वर्ट जमले की नमुना घेऊन घनता मोजतो, आणि उकळून गार केल्यावर पुन्हा मोजतो. हायड्रोमीटर (घनतामापक) २० अंशांसाठी आखलेला आहे आणि साध्या पाण्यात तो बरोबर १.००० दाखवतो.

आता नोंदवहीतील आकडे देतो. पहिली खेप पेल एलची होती. त्यात ५ किलो मॉल्ट होते, उकळण्यापूर्वी २८ लिटर वर्टची घनता १.०४३ भरली आणि शेवटी २३ लिटर १.०५१ मिळाले. दुसरी खेप हुबेहूब त्याच कृतीची होती, पण उकळण्यापूर्वी १.०३५ आणि शेवटी २३.५ लिटर १.०४९. तिसरी स्टाउटची (काळ्या बिअरची): ५.२ किलो, १.०४२, शेवटी २३ लिटर १.०५०. चौथी निम्म्या गव्हाची: ५ किलो, १.०३७, शेवटी २३ लिटर १.०४४. पाचवी जोरदार अंबर एलची: ७.५ किलो, १.०५९, शेवटी २३ लिटर १.०७०. सहावी केवळ पेल मॉल्टची गोल्डन एल: ५ किलो, १.०३९, शेवटी २३ लिटर १.०४६. उकळण्यापूर्वीच्या आकड्यांवरून संगणकातील आज्ञावलीने काढून दिलेला उतारा अनुक्रमे ८०, ६५, ७८, ६८, ७३ आणि ७३ टक्के आहे.

दोन गोष्टी मध्येच बदलल्या, हेही सांगायला हवे. पहिल्या दोन खेपांसाठी मी सुपरमार्केटमधले कमी क्षारांचे बाटलीबंद पाणी वापरले होते आणि तिसरीपासून नळाचे पाणी घेऊ लागलो. पहिल्या तीन खेपांचे मॉल्ट दुकानातून भरडून आले होते. चौथीच्या आधी मी दोन रोलरांची वापरलेली गिरणी विकत घेतली आणि तेव्हापासून घरीच भरडतो. पाचव्या खेपेच्या दिवशी घरी पाहुणे आल्यामुळे मॅश एका तासाऐवजी दीड तास राहिला. चौथ्या खेपेत पहिल्या निथळाची घनता सहज म्हणून पाहिली होती, ती १.०६८ होती.

उतारा ६५ टक्के असला तरी मला चालेल, कारण अर्धा किलो मॉल्ट जास्त घातले की काम भागते. परंतु तो किती येणार हे आधी ठाऊक नसेल, तर कोणत्याही कृतीतील कडवटपणा आणि गोडवा यांचा तोल साधता येत नाही. सुरुवात कोठून करावी?

लीड्सकर

तुमची नोंदवही उत्तम आहे आणि उत्तराचा अर्धा भाग तिच्यातच दडलेला आहे. गिरणीला किंवा पाण्याला हात लावण्यापूर्वी हे आकडे एकमेकांशी जुळतात का, ते पाहू या.

वर्ट उकळताना पाण्याची वाफ होते, साखर भांड्यातच राहते. म्हणून लिटर आणि घनतेचे पॉइंट (१.०४३ म्हणजे ४३ पॉइंट) यांचा गुणाकार उकळण्यापूर्वी व उकळल्यानंतर जवळपास सारखा यायला हवा. येथे एक दुरुस्ती लागते. तुम्ही २८ लिटर मोजता तेव्हा वर्ट सुमारे ७० अंशांवर असते आणि त्या तापमानाला ते २० अंशांच्या मानाने सुमारे २ टक्के फुगलेले असते, म्हणजे थंड हिशेबात ते साडेसत्तावीस लिटरांहून किंचित कमीच भरते. उकळत्या वर्टच्या बाबतीत हाच फरक ४ टक्क्यांवर जातो. पहिल्या खेपेत साडेसत्तावीस गुणिले ४३ म्हणजे सुमारे ११८०, आणि शेवटी २३ गुणिले ५१ म्हणजे ११७३. हे आकडे छान जुळतात. तिसरी, चौथी, पाचवी आणि सहावी खेपही अशाच जुळतात, ते तुम्ही स्वतः करून पाहा.

दुसरी खेप मात्र जुळत नाही. साडेसत्तावीस गुणिले ३५ म्हणजे जेमतेम ९६० येतात आणि शेवटी २३.५ गुणिले ४९ म्हणजे ११५० भरतात. उकळताना साखर निर्माण होणे शक्य नाही, तेव्हा चूक पहिल्या मोजमापात आहे. माझ्या मते ती नमुना घेण्याच्या पद्धतीतील चूक आहे. पहिले निथळ दाट आणि जड असते, ते भांड्याच्या तळाशी बसते. दुसरे निथळ पातळ असते, ते वरच्या वर तरंगते. भांडे नीट ढवळल्याशिवाय वरून नमुना घेतला, तर आपण केवळ पातळ थर मोजतो. या चुकीने माझे पहिले वर्ष वाया घालवले होते, कारण खेप कमी उतरली असे समजून मी त्यात साखर किंवा एक्स्ट्रॅक्ट मिसळत असे आणि शेवटी बिअर हवी त्याहून कितीतरी कडक होत असे. आता मी लांब चमच्याने तळापासून वरपर्यंत पूर्ण एक मिनिट ढवळतो, नमुना झाकून २० अंशांपर्यंत गार करतो आणि मगच हायड्रोमीटर सोडतो. साठ-सत्तर अंशांवर मोजून कोष्टकातून दुरुस्ती करण्याची पद्धत माझ्या अनुभवात विश्वासार्ह नाही, शिवाय उघड्या गरम नमुन्यातून पाणी उडून जाते ते निराळेच.

मॉल्टची क्षमता सरासरीने दर किलोस ३०० लिटर-पॉइंट धरली, गव्हासाठी थोडी जास्त आणि भाजलेल्या जवासाठी थोडी कमी घेतली, आणि उतारा शेवटच्या थंड मोजमापावरून काढला, तर तुमच्या सहा खेपा ७८, ७७, ७६, ६६, ७२ आणि ७१ अशा येतात. ज्या दोन खेपांनी तुम्हाला सर्वांत जास्त गोंधळात टाकले, ती एकाच कृतीची पहिली आणि दुसरी खेप, त्यांच्यात वस्तुतः एका टक्क्याचाच फरक आहे.

आता पाचव्या खेपेविषयी. ती कमी उतरली तरी तिच्यात दोष नाही. मॅशचा उतारा दोन टप्प्यांनी ठरतो. धान्यातील पिष्टापैकी किती भागाची साखर होऊन ती पाण्यात उतरली, हा पहिला टप्पा. त्या विरघळलेल्या साखरेपैकी किती भाग भांड्यात पोहोचला आणि किती चोथ्यात अडकून राहिला, हा दुसरा. दर किलो चोथा सुमारे १ लिटर पाणी धरून ठेवतो. तुमच्या पेटीच्या तळाशी आणखी १ लिटर अडकते, असे मी गृहीत धरतो. पाच किलोच्या खेपेत १५ लिटर पाण्यातून ९ लिटर पहिले निथळ मिळते आणि धुण्यासाठी १९ लिटर पाणी शिल्लक राहते. साडेसात किलोच्या खेपेत साडेबावीस लिटरांतून १४ लिटर निथळतात आणि धुण्यासाठी केवळ १४ लिटर उरतात. चोथा दीडपट असतो आणि त्याला धुणारे पाणी पाऊणपट. या हिशेबाने विरघळलेल्या साखरेपैकी पाच किलोच्या खेपेत सुमारे ८५ टक्के आणि साडेसात किलोच्या खेपेत ७८ ते ७९ टक्के साखर भांड्यात पोहोचते. म्हणून पाचव्या खेपेत ७२ टक्के मिळणे हे पहिल्या खेपेत ७८ मिळण्याइतकेच चांगले काम आहे. जड बिअरसाठी कृती लिहितानाच उतारा पाच-सहा टक्क्यांनी कमी धरावा.

उरतात चौथी आणि सहावी. या दोन खेपांत दोष खरोखर आहे, आणि चौथीच्या बाबतीत तो कोणत्या टप्प्यावर आहे हे तुमच्या त्या ‘सहज’ केलेल्या मोजमापातून कळते. दर किलोस ३ लिटर पाणी असताना सर्व पिष्टाची साखर झाली, तर पहिल्या निथळाची घनता सुमारे १.०८३ यायला हवी. हा आकडा गिरणी, गाळणी किंवा स्पार्ज (चोथा गरम पाण्याने धुणे) यांवर अवलंबून नसतो, केवळ पाणी आणि धान्य यांच्या प्रमाणावर अवलंबून असतो. तुमच्याकडे १.०६८ आली, म्हणजे पिष्टाचे रूपांतर जेमतेम ७९ टक्के झाले होते. त्याला ८५ टक्क्यांनी गुणले की ६७ येतात आणि तुमचा प्रत्यक्ष उतारा ६६ आहे. अर्थात स्पार्जमध्ये काहीही बिघडलेले नाही. साखर मॅशमध्येच कमी तयार झाली. यापुढे पहिल्या निथळाची घनता प्रत्येक खेपेत नोंदवा, कारण दोष मॅशमध्ये आहे की निथळण्यात, हे एवढ्या कमी श्रमात सांगणारे दुसरे मोजमाप मला माहीत नाही.

रूपांतर कमी का झाले, हे सांगायला येथे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत.

मेलबर्नवासी

लीड्सकरांनी मोजमापाचा प्रश्न सोडवलाच आहे, म्हणून मी सरळ गिरणीकडे वळते. चौथ्या खेपेपासून तुम्ही घरी भरडू लागलात आणि चौथ्याच खेपेपासून उतारा घसरला, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. पाचवी खेप याला अपवाद दिसते खरी, परंतु तो मॅश दीड तास चालला होता. जाड कणीच्या आतपर्यंत पाणी आणि विकरे (पिष्टाची साखर करणारी एन्झाइम) पोहोचायला वेळ लागतो आणि त्या दिवशी पाहुण्यांमुळे तो वेळ मिळाला.

वापरलेल्या गिरणीची फट तुम्ही स्वतः मोजली आहे का? रोलरच्या टोकाशी असलेल्या खुणांवर विसंबू नका. मोटारीच्या दुरुस्तीत स्पार्क प्लगची फट मोजण्यासाठी जी पातळ पट्ट्यांची फीलर गेज वापरतात, ती येथेही चालते. ती नसेल तर बँकेच्या कार्डाची जाडी सुमारे ०.७६ मिलिमीटर असते, तेवढाही अंदाज सुरुवातीला पुरे. फट दोन्ही टोकांना मोजा, कारण जुन्या गिरण्यांत एका बाजूचा स्क्रू थरथरीने सैल होतो आणि रोलर तिरके बसतात. अशा वेळी एका बाजूने पीठ पडते आणि दुसऱ्या बाजूने अख्खे दाणे निसटतात, आणि हे मिश्रण हातात घेतल्यावर वरवर ठीकच दिसते. जवाच्या मॉल्टसाठी मी १ मिलिमीटरपासून सुरुवात करते. गव्हाचा दाणा लहान असतो, टणक असतो आणि त्याला तूस नसते, म्हणून जवासाठी लावलेल्या फटीतून त्याचे बरेच दाणे जेमतेम चेपून बाहेर पडतात. गहू निराळा आणि ०.८ मिलिमीटरच्या आसपास भरडावा. तुमच्या चौथ्या खेपेत निम्मा गहू होता, त्यामुळे सहावीपेक्षाही ती खाली का गेली, याचे उत्तर येथे मिळते.

भरड तपासण्याची माझी रीत अशी आहे. मूठभर भरड पांढऱ्या कागदावर पसरायची आणि बोटाने अख्खे दाणे, कणी, पीठ आणि तूस वेगवेगळे करायचे. अख्खा दाणा जवळपास सापडता कामा नये. कणी बारीक रव्यापासून जाड रव्यापर्यंत असावी आणि तूस शक्यतो दुभंगलेले पण सबंध असावे, कारण पुढे तेच आपली गाळणी होते. चेपलेला दाणा दिसला तर तो नखाने उघडून पाहावा. आत पांढरा खडा अखंड असेल, तर त्या दाण्यातील पिष्टाचा बराचसा भाग चोथ्याबरोबर जाणार, हे नक्की.

येथे एक सावधगिरीची सूचना मनापासून करते. उतारा वाढवण्याच्या भरात मी एकदा फट एकदम ०.६ मिलिमीटरवर आणली होती. तुसाचा भुगा झाला, चोथा चिखलासारखा बसला आणि निथळ थेंबाथेंबाने येऊ लागले. तो दिवस मी अडीच तास नळीत फुंकर मारण्यात आणि चोथा उपसण्यात घालवला. एका वेळी ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त बदल करू नका. भरडण्यापूर्वी मॉल्टवर वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे ५ किलोस १०० मिलिलिटर पाणी फवारून, हाताने सारखे करून दहा-पंधरा मिनिटे ठेवले, तर तूस लवचीक होते आणि बारीक फटीतही सबंध राहते. गव्हाच्या खेपेत याशिवाय भाताचे तूस धुऊन मिसळावे. त्यापासून साखर मिळत नाही, परंतु चोथा मोकळा राहतो.

आणखी एक गोष्ट लहान वाटेल, पण आहे महत्त्वाची. धान्य पाण्यात घालताना पिठल्यासारखीच काळजी घ्यावी लागते. एकदम ओतले तर गुठळ्या होतात आणि गुठळीच्या आतले पीठ शेवटपर्यंत कोरडे राहते. थोडे थोडे घालत, तळापासून ढवळत जा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा ढवळा.

पुण्याचा ब्रुअर

मी पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत काम करतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, त्यामुळे माझा सगळा अनुभव कामाच्या जागेचा आहे. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्या वापरासाठी परवान्याची अट राहिली नाही, हे तुमचे भाग्य म्हणायचे.

भरडीविषयी मेलबर्नवासींनी लिहिलेले मला मान्य आहे, पण पाण्याकडे दुर्लक्ष होऊ नये असे वाटते. थेम्सच्या खोऱ्यातील पाणी खडूच्या खडकांतून येते. ते जड असते, आणि मॅशच्या दृष्टीने त्याच्या जडपणापेक्षा त्याची क्षारता अधिक त्रासदायक असते, कारण बायकार्बोनेट मॅशचा सामू (pH) वर धरून ठेवते. मॅशचा नमुना खोलीच्या तापमानाला गार करून मोजला असता सामू साधारण ५.२ ते ५.६ असावा. तो त्यापेक्षा वर गेला की विकरांचे काम मंदावते आणि तुसातून तुरटपणाही उतरू लागतो. गरम मॅशमध्येच मोजलेला सामू सुमारे ०.३ ने कमी दिसतो, तेव्हा दोन ठिकाणचे आकडे ताडून पाहताना तापमान विचारात घ्यावे, आणि मीटरची काच गरम मॅशमध्ये बुडवून खराबही करू नये.

तुमच्या तिसऱ्या खेपेकडे पाहा. नळाचे तेच पाणी, तरीही उतारा ७६ टक्के. भाजलेला जव आणि काळे मॉल्ट आम्लधर्मी असतात आणि ते पाण्याची क्षारता परस्पर खाऊन टाकतात. लंडन हे पोर्टर या काळ्या बिअरचे शहर झाले आणि फिकट पिल्सनर १८४२ साली प्लझेनच्या मृदू पाण्यात जन्माला आली, यामागे पाण्याचा वाटा मोठा आहे. तुमची सहावी खेप म्हणजे लंडनच्या पाण्यात प्लझेनचा रंग मागण्यासारखे होते. केवळ फिकट मॉल्ट आणि क्षारयुक्त पाणी ही जोडी सामू हमखास वर नेते.

उपाय अवघड नाही. क्षारता मोजण्याचा संच मत्स्यालयाच्या दुकानातही मिळतो. कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात समजा लिटरला २५० मिलिग्रॅम निघाली आणि ती ५० वर आणायची असेल, तर मॅशच्या १५ लिटर पाण्याला ८० टक्क्यांचे लॅक्टिक आम्ल सुमारे साडेपाच मिलिलिटर लागते. धुण्याच्या पाण्यासह सगळ्याच पाण्याला एवढ्या प्रमाणात घातले तर फिकट बिअरमध्ये त्याची चव जाणवू शकते, म्हणून फॉस्फरिक आम्ल किंवा तुमच्याकडे याच कामासाठी मिळणारे हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लांचे तयार विरल मिश्रण बरे. रसायने नकोत असतील, तर जुना मार्ग म्हणजे पाणी आदल्या दिवशी उकळून, खाली बसलेला पांढरा साका ठेवून वरचे पाणी काढून घेणे. शाळेत आपण तात्पुरती दुष्फेनता घालवण्याचा जो प्रयोग शिकलो, तोच हा.

आयोडीनच्या चाचणीवर मात्र फार भरवसा ठेवू नका. वर्टच्या थेंबावर आयोडीन टाकले आणि ते निळे झाले नाही, तर त्या थेंबात पिष्ट उरलेले नाही एवढेच सिद्ध होते. जाड कणीच्या पोटात जे पिष्ट अजून विरघळलेलेच नाही, त्याचा पत्ता त्या थेंबाला नसतो. आमच्याकडे नवीन आलेली मुले ही चाचणी पाहून मॅश संपल्याचे जाहीर करतात आणि मला दर वेळी त्यांना पहिल्या निथळाची घनता दाखवावी लागते.

मेलबर्नवासी

सामू वर गेल्याने उतारा घटतो हे मी नाकारत नाही, परंतु तो एवढा घटतो का, याविषयी मला शंका आहे. मी ज्या घरांत राहिले तिथले पाणी मृदू होते, म्हणून माझा हा अनुभव एकांगी असू शकतो. रेडिंगकर, तुमच्या खेपांत गिरणी आणि पाणी असे दोन बदल पाठोपाठ झाले आहेत, तेव्हा आपण कितीही तर्क केला तरी त्यांना वेगळे काढता येणार नाही. पूर्ण खेप न करता चार थर्मासांत चार छोटे मॅश करून पाहाल का? प्रत्येकी २०० ग्रॅम भरड आणि ६०० मिलिलिटर पाणी. जाड आणि बारीक भरड, नळाचे आणि आम्ल घातलेले पाणी, अशा चार जोड्या होतील. एक तासाने गाळून, गार करून घनता मोजा. थर्मास आधी गरम पाण्याने तापवून घ्यायला विसरू नका, नाहीतर एवढ्याशा मॅशचे तापमान लगेच उतरेल.

रेडिंगकर

सात आठवड्यांनी परत येत आहे, कारण अर्धवट माहिती लिहिण्याची इच्छा नव्हती.

प्रथम गिरणी. फीलर गेज आणून मोजले तेव्हा फट एका टोकाला १.१ आणि दुसऱ्या टोकाला १.३ मिलिमीटर निघाली. मेलबर्नवासींनी सांगितल्याप्रमाणे एका बाजूचा स्क्रू खरोखरच सैल होता. मूठभर भरड कागदावर पसरली तर त्यात अख्खे आणि नुसते चेपलेले दाणे मोजण्याइतके नव्हे, सरळ डोळ्यांत भरण्याइतके होते. इतक्या खेपा मी ती भरड हातात घेऊन पाहिली होती आणि तरी मला ते दिसले नव्हते, कारण तूस आणि पीठ यांच्यात चेपलेला दाणा लपून जातो.

त्यानंतर चार थर्मास. एकाच पोत्यातील पेल मॉल्ट घेतले, अर्धे गिरणीच्या जुन्या स्थितीत भरडले आणि अर्धे दोन्ही टोकांना १ मिलिमीटर फट करून भरडले. नळाच्या पाण्याची क्षारता संचावर २५० मिलिग्रॅमच्या जवळपास आली, म्हणून पुण्याच्या ब्रुअरांनी दिलेल्या प्रमाणातच लॅक्टिक आम्ल घातले. जुनी भरड आणि नळाचे पाणी यांची घनता १.०७० आली. जुनी भरड आणि आम्ल घातलेले पाणी १.०७४. नवी भरड आणि नळाचे पाणी १.०७८. नवी भरड आणि आम्ल घातलेले पाणी १.०८१. लीड्सकरांच्या रीतीने रूपांतर काढले तर ते अनुक्रमे सुमारे ८१, ८७, ९२ आणि ९६ टक्के भरते. भरडीने नऊ ते अकरा टक्क्यांचा फरक पडला आणि पाण्याने चार ते सहा टक्क्यांचा. तुम्हा दोघांचेही म्हणणे खरे निघाले, पण माझ्या घरात गिरणीचा वाटा मोठा होता.

सातवी खेप म्हणून तीच गोल्डन एल पुन्हा केली. फट १ मिलिमीटर ठेवली, आम्लांचे तयार मिश्रण पाण्यात घातले, धान्य हळूहळू मिसळले आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा ढवळले. शेवटी २३ लिटर १.०५२ मिळाले, म्हणजे उतारा ८० टक्के. आठवी खेप मुद्दाम त्याच कृतीने केली, कारण माझा मूळ प्रश्न उतारा कमी येण्याचा नव्हता, तो दर वेळी निराळा येण्याचा होता. या वेळी २३.२ लिटर १.०५१ मिळाले, म्हणजे ७९ टक्के. दोन्ही वेळा उकळण्यापूर्वीचा आणि नंतरचा गुणाकार पंधरा लिटर-पॉइंटच्या आत जुळला. पेटीच्या तळाशी किती वर्ट अडकते तेही साध्या पाण्याने मोजले. लीड्सकरांनी १ लिटर धरले होते, प्रत्यक्षात पेटी सपाट ठेवली तर १.४ लिटर आणि मागून एक फळी सरकवून किंचित कलती केली तर ०.६ लिटर अडकते. ती फळी आता कायमची तिथे ठेवली आहे.

गव्हाची खेप पुढच्या महिन्यात करणार आहे. एक प्रश्न उरतो. जव १ मिलिमीटरवर आणि गहू ०.८ वर भरडायचा, तर दर वेळी फट बदलावी लागेल, आणि फट बदलली की स्क्रू पुन्हा सैल होण्याची भीती वाटते. गहू १ मिलिमीटरच्याच फटीतून दोनदा काढला तर चालेल का?

मेलबर्नवासी

गव्हाच्या बाबतीत तुमच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, कारण त्याला तूस नसल्यामुळे दुसऱ्या फेरीत बिघडण्यासारखे काही राहत नाही. जव मात्र दोनदा काढू नका. दुसऱ्या फेरीनंतर भरड कागदावर पसरून पाहा आणि चेपलेले दाणे अजूनही दिसले, तर फट बदलण्यावाचून इलाज नाही. तसे झाल्यास प्रत्येक स्क्रूपाशी रंगाची बारीक रेघ ओढून ठेवा, म्हणजे तो भरडताना सरकला तर लगेच नजरेस येईल. भाताचे तूस या खेपेत जरूर घाला, आणि पहिल्या निथळाची घनता येथे कळवा.